आधी पाणी शोधा, बुरशीचं नंतर बघू

प्रश्न: आम्ही इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. मागच्या वर्षी बेडरूममध्ये दीड टनाचा स्प्लिट एसी बसवला. या मे महिन्यापासून त्यातून पाणी ठिबकायला लागलं. मेकॅनिक दोनदा येऊन गॅस भरून गेला. आठ-दहा दिवस बरं असतं, मग पुन्हा तेच. एसीच्या खाली कपाट आहे. परवा ते सरकवलं तर मागची भिंत काळी! दोन हात उंच, हातभर रुंद डाग, पुट्टीचे पोपडे, कपाटाला कुबट वास. त्यातच माझा शालू आणि येवल्याची पैठणी आहे. सात वर्षांचा मुलगा याच खोलीत झोपतो. सकाळी उठला की त्याला खोकला आणि शिंका. 'काळी बुरशी' ऐकून सासूबाईंनी कोरोनाच्या आठवणीने धसका घेतलाय. सासरे, म्हणजे नाना, पिंपळगावला द्राक्षबाग बघतात. ते म्हणाले, पंपाने बागेवर मारायचं बोर्डो मारून देतो. यजमान म्हणतात, गणपतीआधी रंग मारून टाकू, पाहुणे येणार. मी ब्लीच आणून ठेवलंय. नेमकं कुठलं औषध वापरू? की एसीच काढून टाकू? ड्रेन पाइप भिंतीतून कन्सील केलेला आहे. गॅलरीत त्याच्या टोकाखाली मी बादली ठेवते, ते पाणी फरशी पुसायला होतं.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: ताई, तुमच्याकडे माणसागणिक एक उपाय तयार आहे. तुमचं ब्लीच, नानांचं बोर्डो, यजमानांचा रंग, मेकॅनिकचा गॅस. भिंतीत पाणी नेमकं कुठून येतंय, हे मात्र अजून कुणी पाहिलेलं दिसत नाही. माझं सगळं उत्तर त्याच गोष्टीभोवती फिरणार आहे, तेव्हा औषधाचं नाव सापडेल या आशेने शेवटच्या परिच्छेदावर उडी मारू नका.

बुरशीचे बीजाणू हवेत, धुळीत, कपड्यांवर कायमच असतात. तुमच्या घरात आहेत, माझ्याही आहेत. त्यांना रुजायला ओल लागते. खायला भिंतीवरची धूळ, रंगातला चिकटा, कपाटाचं प्लायवूड, काहीही चालतं. एखादी जागा सलग एक-दोन दिवस ओली राहिली की त्यांचं काम सुरू होतं, आणि तुमची भिंत तर मे महिन्यापासून ओली आहे. आज कितीही जालीम औषध मारलं आणि पाणी तसंच येत राहिलं, तर थोड्याच दिवसांत डाग पुन्हा हजर होईल.

पण पाण्याच्या आधी मुलाचं. आज रात्रीपासून त्याला दुसऱ्या खोलीत झोपवा, या खोलीचा एसी बंद ठेवा आणि दार लावून घ्या. सकाळी खोकला-शिंका आणि दुपारी शाळेत मूल ठणठणीत, असं असेल तर ओलीच्या ॲलर्जीचा संशय घ्यायला जागा आहे. निदान मात्र डॉक्टरांनी करायचं. त्यांच्याकडे गेल्यावर 'झोपायच्या खोलीत तीन महिन्यांपासून ओल आहे, भिंतीवर बुरशी आहे' हे आठवणीने सांगा. आपण खोकल्याचं औषध मागून येतो, भिंतीचं बोलतच नाही. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा रात्री धाप लागत असेल तर उद्यावर टाकू नका. बुरशी कुठल्या जातीची आहे हे लॅबमधून तपासून घ्यायच्या फंदात मात्र पडू नका. जात कुठलीही निघाली तरी करायचं तेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही बीजाणूंचा 'इतके चालतील' असा आकडा दिलेला नाही. ओल होऊ देऊ नका, झाली तर ती काढा, असाच त्यांचा रोख आहे.

सासूबाईंनाही समजावून सांगा. २०२१ मध्ये ज्याला सगळे काळी बुरशी म्हणत होते, तो म्युकरमायकोसिस. ती बुरशी काही काळी नसते. तिने रक्तवाहिन्या बंद झाल्या की शरीराचा तेवढा भाग मरून काळा पडतो, म्हणून ते नाव चिकटलं. तेव्हा तो आजार मुख्यतः अशा कोविड रुग्णांना झाला, ज्यांची साखर हाताबाहेर गेली होती किंवा ज्यांना स्टेरॉइड द्यावे लागले होते. तुमच्या भिंतीवरचा काळा थर बहुधा क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस असल्या नेहमीच्या बुरशींचा असणार. म्हणून ती निरुपद्रवी आहे असंही नाही. दमेकरी, तान्ही मुलं, केमोथेरपी चालू असलेली किंवा अवयव प्रत्यारोपण झालेली माणसं यांनी अशा खोलीत पाऊल टाकू नये. सासूबाईंना मधुमेह असेल तर साफसफाई त्यांच्याकडे नको, एवढंच.

आता नाना. त्यांचं मन मोडू नका, पण बोर्डो घरात नको. मोरचूद आणि चुन्याचं ते मिश्रण वेलीसाठी आहे. बेडरूममध्ये पंपाने मारलं तर भिंत निळी होईल ती होईलच, वर त्याचे तुषार मुलाच्या गादीवर बसतील. बागेतली बाकीची बुरशीनाशकं तर त्याहून नकोत. नानांना उलट एक विचारा, बागेत डाऊनी हा पानांचा रोग कधी येतो? ते लगेच सांगतील, पानं रात्रभर ओली राहिली की. म्हणून तर ते विरळणी करतात, काड्या तारेवर मोकळ्या बांधतात, वेलीत हवा खेळती ठेवतात, आणि फवारणीचा पंप त्याच्या जोडीला येतो. तुमच्या कपाटामागे तीन महिने न वाळलेलं पान आहे, असं सांगा. नाना तुमच्या बाजूचे होतील आणि यजमानांना तेच गप्प करतील.

आता पाणी. खोलीतली हवा गार होताना तिच्यातली वाफ एसीच्या आतल्या कॉइलवर पाणी होऊन जमते. ते खालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि ड्रेन पाइपातून बाहेर जातं. घरगुती स्प्लिटमध्ये त्यासाठी सहसा पंप नसतो, सगळा भरवसा उतारावर. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो, म्हणजे रात्रभरात अर्धी-पाऊण बादली. त्यातलं तांब्याभर जरी रोज वाट चुकून गिलाव्यात मुरलं, तरी तुम्ही कपाटामागे पाहिलंत ते सगळं होतं.

गॅसचा विषय एकदा संपवू. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय, आणि ती जागा न शोधता पुन्हा भरलेला गॅस म्हणजे तुमचे पैसे हवेत. गॅस कमी झाला की कॉइलवर बर्फ धरतो आणि एसी बंद केल्यावर तो वितळून ट्रेबाहेर सांडतो, हे खरं आहे. पण बर्फ तर नुसत्या मळलेल्या फिल्टरनेही धरतो, कारण कॉइलवरून पुरेशी हवाच जात नाही. तेव्हा दिवसा, मुलगा शाळेत असताना, एसी दोनेक तास चालवा. मग बंद करून पुढचं झाकण उघडा आणि टॉर्च मारून बघा. बर्फ दिसला तर फिल्टर धुऊन, वाळवून पुन्हा तीच परीक्षा करा. तरीही बर्फ आला तर मेकॅनिकला बोलवा आणि सांगा, आधी जोडांना साबणाचा फेस लावून गळती दाखव, मग भर. बर्फ अजिबात नसेल तर गॅसचं नाव काढणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकली ती बादली. पाणी वाया न घालवण्याची सवय चांगलीच आहे. पण पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडतं का? बुडत असेल तर पाइपात हवा कोंडते, उताराला ती ढकलण्याइतका जोर नसतो आणि पाणी मागे तुंबून ट्रेवरून खोलीत उतरतं. 'आठ-दहा दिवस बरं असतं, मग पुन्हा तेच' यामागे हेसुद्धा असू शकतं. मेकॅनिक येतो तेव्हा बादली बाजूला होते, नंतर हळूच जागेवर येते. बादली ठेवा, पण टोक पाण्याच्या बरंच वर, मोकळं लोंबू द्या. टोकाच्या तोंडाशीही बघा. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते, मुंग्या वारूळ करतात, एखादी पाल आत जाऊन मरते. आणि पाइपाच्या आतून धूळ-पाण्याचा बुळबुळीत थर धरतो, तो तर जवळपास प्रत्येक एसीत असतो. तो पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने काढता येतो. ॲसिड ओतू देऊ नका, त्याने कॉइलची ॲल्युमिनियमची पाती खाल्ली जातात.

यानंतरची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, ती मेकॅनिककडून समोर उभं राहून करून घ्या. एसीचा एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डावरचा त्याचा खटका, खाली पाडायचा. मापाच्या भांड्याने एक लिटर पाणी हळूहळू ट्रेमध्ये ओतायचं. युनिटच्या एका टोकाला सर्किट बोर्ड असतो, तिकडे थेंब जाऊ द्यायचा नाही. दुसऱ्या माणसाने गॅलरीत भांडं धरून उभं राहायचं. पाणी तिकडे धारेने आलं आणि थोडंसं ट्रेमध्ये राहिलेलं सोडून जवळपास सगळं आलं, तर पाइप ठीक आहे. खोलीत सांडलं तर पाइप तुंबलाय, ट्रे तडकलाय किंवा युनिट एका बाजूला कललंय. पाणसळ लावली की शेवटचं लगेच कळतं. पण खोलीत थेंबही सांडला नाही आणि गॅलरीत मात्र निम्मंच आलं, तर बाकीचं तुमच्या भिंतीत गेलं. कन्सील पाइपचा जोड आत सुटलाय किंवा कुणीतरी चित्र टांगायला खिळा ठोकताना पाइपच फोडलाय. तुमच्या डागाची जागा बघता माझा पहिला संशय यावरच आहे.

आणखी दोन-तीन वाटा तपासायच्या राहतात. एसीकडून बाहेर जाणाऱ्या तांब्याच्या नळीवर काळ्या फोमचं आवरण असतं. भिंतीच्या भोकापाशी ते फाटलं तर उघड्या गार नळीला घाम सुटतो आणि तो आत ठिबकतो. दुसरं, ते भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं. घाईत पाडलेलं भोक आत उतरतं असलं आणि बाहेरून नीट बुजवलेलं नसलं तर पावसाचं पाणी तिथूनच घरात येतं, पश्चिमेकडची भिंत असली तर हमखास. तिसरं, भिंतीपलीकडे तुमचं किंवा शेजारच्यांचं बाथरूम असेल तर तेही गणतीत धरा. हे सगळं वेगळं करायला एक पेन्सिल पुरते. एसी चार-पाच दिवस पूर्ण बंद ठेवा आणि ओलीच्या कडेने रेघ मारून तारीख लिहा. एसी बंद असताना पाऊस पडला की ओल रेघेबाहेर सरकत असेल तर दोष बाहेरच्या भिंतीचा. अशा वेळी सोसायटीला लेखी कळवा, कारण बाहेरून येणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने करायची असते. पाऊस असो-नसो, ओल रेघेबाहेर सरकतच राहत असेल तर नळाची लाइन बघा. पांढरी भुकटी दिसली तर चिमूटभर पाण्यात टाका. विरघळली तर तो लोणा, म्हणजे क्षार. तो बुरशी नव्हे, पण भिंतीतून पाणी फिरतंय याचा पुरावा मात्र आहे.

एवढ्या खात्रीने मी 'पाणी शोधा' का म्हणतोय, त्याला आपल्या गावाचंही कारण आहे. इगतपुरीला किंवा त्र्यंबकला पावसाळ्यात चपला, पट्टे, पुस्तकं, सगळ्यालाच बुरा चढतो. तिथली हवाच तशी, धुकंच घरात येऊन बसतं. नाशिक शहरात त्या मानाने पाऊस फार कमी. इथे एकाच भिंतीवर, एकाच जागी, तेही एसीच्या बरोब्बर खाली काळा डाग पडत असेल तर हवामानाला बोल लावण्यात अर्थ नाही.

पाण्याची वाट बंद झाली की मग सफाई. डाग तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा लहान असेल तर घरच्या घरी साफ करता येतो, तुमचा तेवढाच दिसतोय. मुलाला आणि सासूबाईंना त्या दिवशी बाहेर पाठवा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. खोलीचं दार बंद करून खालच्या फटीत ओला टॉवेल सारा, पंखा बंद. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने भिंतीला हात लावायचा नाही. एका फटक्यात बीजाणू सगळ्या खोलीभर होतात. आधी साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून डाग भिजवा, मग सुटलेली पुट्टी ओली असतानाच खरवडून कागदावर घ्या आणि बाकीची जागा साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा. फडकं सारखं बदला. फडकी, खरवड, कागद, सगळं पिशवीत बांधून त्याच दिवशी कचऱ्यात.

नुसत्या साबणावर भागेल? बहुतेक वेळा भागतं. ब्लीचने काळेपणा झटकन जातो म्हणून ते लोकांना आवडतं. पण मेलेली बुरशीही ॲलर्जी करते, त्यामुळे मारण्यापेक्षा पुसून काढणं महत्त्वाचं. शिवाय गिलाव्यासारख्या सच्छिद्र जागेत ब्लीचमधलं पाणी मुरतं आणि आपण वाळवायला निघालेली भिंत पुन्हा ओली होते. आणलंच आहे म्हणून वापरायचं असेल तर एक भाग ब्लीचला सोळा भाग पाणी, खिडकी उघडी, आणि साबणाचं पाणी पुसून घेतल्यानंतरच. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा अमोनियावालं कुठलंही लिक्विड कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो, आणि बंद खोलीत त्याने माणूस गुदमरतो. 'दोन्ही मिळून जास्त जोर येईल' असा विचार करून बाथरूममध्ये हा प्रकार करणारे लोक आहेत, म्हणून एवढं सांगितलं. कापूर, डांबराच्या गोळ्या, धूप यांनी वास झाकला जातो, बाकी काही नाही.

आता वाळवणं. यात सगळे घाई करतात. पंखा भिंतीकडे तोंड करून लावा, पण सफाईनंतर, आधी नाही. पावसाळ्यात 'खिडक्या उघड्या ठेवा' हा सल्ला डोळे झाकून पाळू नका. बाहेर झड लागलेली असताना खिडकी उघडली तर बाहेरची ओलच आत येते. ऊन पडलं की उघडा, ढग भरून आले की लावा. काही शे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, ते खोलीत ठेवा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहायला हवा, ५० च्या आसपास असला तर उत्तम. एसीची गळती मिटली असेल तर ड्राय मोडवर तोच एसी हे काम करतो. खोलीत दोरी बांधून कपडे वाळत घालत असाल तर ते बंद करा. एका धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं. भिंत लवकर वाळावी म्हणून कोळशाची शेगडी पेटवून खोली बंद करण्याचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. तो मुळीच ऐकू नका, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

भिंत वाळली हे हाताला कळत नाही, वरून कोरडी लागली तरी आत पाणी असतं. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. भिंतीच्या बाजूने थेंब धरले असतील तर भिंतीतून अजून पाणी निघतंय. खोलीच्या बाजूने धरले असतील तर खोलीची हवा दमट आहे. दोन्हीकडे कोरडं राहीपर्यंत थांबायचं. बोटाने ठोकून बद्द, पोकळ आवाज येतो तिथला गिलावा सुटलाय, तो काढूनच टाकावा लागेल.

म्हणजे यजमानांचा गणपतीआधीचा रंग रद्द. ओल्या भिंतीवर रंग मारणं हा आपल्याकडचा आवडता खर्च आहे. पाहुणे जाईपर्यंत झकास दिसतो, नवरात्रात फुगा येतो, दिवाळीला पोपडा. बुरशीरोधक रंगही कोरड्या भिंतीवरच कामाचा. आणि पाणी आतून येत असताना वरून वॉटरप्रूफिंगचा थर दिला तर ते पाणी दुसरीकडून वाट काढतं. रंगवाला 'डॅम्पप्रूफ मारून देतो, गॅरंटी' म्हणेल. म्हणू दे. नाशकात आपल्याला ऑक्टोबर हीट फुकट मिळते. दसऱ्यानंतरच्या उन्हात भिंत वाळू द्या, प्लास्टिकची परीक्षा घ्या, मग सिमेंटची पुट्टी, प्रायमर आणि रंग. दिवाळीच्या आत होईल. गणपतीत ती खोली बंद राहिली तर पाहुणे काही परत जात नाहीत. रंगावर फार खर्च करायचा नसेल तर तेवढ्या भिंतीला चुन्याची सफेदी हाही चांगला पर्याय. चुना अल्कधर्मी असतो, बुरशीला तो मानवत नाही, आणि भिंत त्यातून वाळत राहते. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांना लोक दरसाल सफेदी करत ते नुसतं दिसण्यासाठी नव्हतं. मात्र आधीचा प्लास्टिक रंग पूर्ण खरवडल्याशिवाय चुना धरत नाही.

कपाटाची मागची पट्टी, म्हणजे पातळ प्लाय किंवा एमडीएफ असेल ती, फुगली असेल तर बदलून टाका. तिच्या आत गेलेली बुरशी पुसून निघत नाही. बाकी कपाट पुसून उन्हात. सुती कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. ओलीचा वास लागलेली गादी आणि उशा टाकून द्याव्यात हे माझं मत, सासूबाईंच्या हातच्या गोधड्या मात्र धुऊन उन्हात टाकल्या तर वाचतील. शालू आणि पैठणी धुवू नका, उन्हातही टाकू नका. गॅलरीत सावलीला पसरून वारं लागू द्या, वर बुरा दिसत असेल तर बाहेरच मऊ ब्रशने झटका, आणि रेशमाचं काम जाणणाऱ्या ड्रायक्लीनरकडे द्या. परत आल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता मलमलीत गुंडाळा, घडी बदलत राहा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

राहिला एसी. काढून टाकायची गरज नाही. पण त्याच्या आतही बुरशी असणार, आणि ती साफ न करता चालू केला तर भिंतीची मेहनत वाया. 'सर्व्हिसिंग' म्हणून फिल्टर धुऊन कॉइलवर पाण्याचा झोत मारणं पुरेसं नाही. ट्रे आणि ब्लोअर उतरवून धुणार का, हे फोनवरच विचारा. जाळीतून आत टॉर्च मारली की ब्लोअरच्या पात्यांवर काळे ठिपके दिसतात, सफाई झाल्यावर तेच पुन्हा बघा. नंतर फिल्टर दर पंधरा दिवसांनी तुम्हीच धुवा. रात्री बंद करण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं नुसत्या फॅन मोडवर चालवलात तर कॉइल ओली राहत नाही. आणि १८ वर लावू नका. बाहेर २७ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर सुमारे २३ अंशांखालच्या कुठल्याही भिंतीवर, कपाटावर बाहेरून येणारी हवा लागली की पाणी धरतं. २०२० पासून बनणारे स्टार लेबलचे एसी सुरू केल्यावर आपोआप २४ वर येतात, तिथेच राहू द्या.

पाणी ओतायच्या परीक्षेत कन्सील पाइपच फुटका निघाला तर तो शोधायला भिंत फोडत बसू नका. जुना पाइप सोडून द्या आणि नवा पाइप भिंतीवरून, मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार देऊन, पट्टीत घालून गॅलरीत काढा. यजमान म्हणतील, शोभा जाते. जाऊ दे. वरून गेलेला पाइप गळला तर त्याच दिवशी दिसतो. काम झाल्यावर मेकॅनिककडून बिलावर काय सापडलं आणि काय बदललं ते लिहून घ्या, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात नवीन माणूस पुन्हा गॅसपासूनच सुरुवात करेल. आणि कपाट त्या भिंतीला परत लावू नका. खोलीत दुसरी जागाच नसेल तर भिंतीपासून निदान वीतभर पुढे ठेवा.